तेरा तासांत व्हँकुव्हर

रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत वैजनाथ वर्प्यांची एकच गोष्ट अकरा जणांना सांगून झाली होती, आणि दर खेपेला ती जरा लांबत गेली होती.

“काल सांजच्याला सहाला आक्का न्हाणीत चक्कर येऊन पडली,” ते सांगत. “समर्थच्या आईनं पोराला तिकडं मेसेज टाकला. तिकडं म्हंजे कुठं? व्हँकुव्हरला! आन् आज सकाळी सातला पोरगं आजीच्या उशाला हजर. तेरा तास! आपली एसटी राजूरला जायला दोन तास घेती.”

वैजनाथरावांच्या आईची, आक्काबाईची, विचारपूस करायला मळ्यावर आलेली माणसं तोंडात बोट घालत. आक्काबाईला डॉक्टरांनी सलाईन लावून काल रात्रीच उतार पडला होता. आज ती आतल्या खोलीत खाटेवर बसून चहात बुडवून खारी खात होती, त्यामुळे तिच्याबद्दल विचारण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. सगळे विमानाबद्दलच विचारत होते.

“सामान न्हाई का काय आणलं?” एका म्हाताऱ्यानं विचारलं. समर्थ आला तेव्हा त्याच्या पाठीवर फक्त एक सॅक होती, हे त्यानं रस्त्यावरून पाहिलं होतं.

“सामान मागनं येतंय. कार्गोनं,” वैजनाथराव म्हणाले. हे त्यांना समर्थनं सांगितलेलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सुचलं होतं, आणि सुचल्यावर पटलंही होतं.

धाकटा भाऊ सहादेव बंगल्याच्या पायरीवर बसून ऐकत होता. वैजनाथरावांचा दुमजली बंगला रस्त्याच्या तोंडाशी होता आणि सहादेवाच्या दोन पत्र्याच्या खोल्या मागं. वैजनाथराव दहा वर्षं सरपंच होते. सहादेव वीस वर्षं दुधाचा टेम्पो चालवत होता. दोघांना गावात अनुक्रमे आप्पा आणि सहादू म्हणत.

“सहादू,” वैजनाथरावांनी पाहुण्यांदेखत हाक मारली, “तुझ्या टेम्पोला संगमनेरला पोचायला किती येळ लागतो रं?”

“पाऊण तास.”

“चौदा किलोमीटरला पाऊण तास! त्येवढ्यात माझ्या पोराचं विमान समुद्र वलांडतंय.”

सगळे हसले. सहादेवही थोडा हसला, कारण न हसता बसलं तर त्याच्यावर दुसरा विनोद व्हायचा, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

वैजनाथरावांचा हा आनंद नुसता मिरवण्याचा नव्हता, हेही सांगायला हवं. मागच्या निवडणुकीत पडल्यापासून त्यांच्याकडे माणसं येईनाशी झाली होती. समर्थ कॅनडाला शिकायला गेला आणि ओसरी पुन्हा भरू लागली. ‘पोरगं काय म्हणतंय’ हा प्रश्न त्यांना ‘आप्पा, तेवढी सही द्या’च्या जागी पुरेसा वाटायचा. आणि आज तर पोरगं आजीसाठी सगळं टाकून धावत आलं होतं. सकाळी त्याला दारात बघून वैजनाथरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी उपरण्यानं पुसलं आणि लगेच पहिला फोन लावला.

समर्थ मात्र वर जाऊन झोपला होता. “जेट लॅग,” वैजनाथराव आवाज खाली आणून सांगत. एखाद्या मोठ्या माणसाच्या आजाराचं नाव घ्यावं तसं.

शुक्रवारी त्याचा साखरपुडा होता; त्यासाठी तो गुरुवारी यायचा होता. मुलगी नेवाशाची, राधाकृष्ण दहातोंड्यांची पूजा. दहातोंड्यांचा फोन आला की आक्काबाईला बघायला आम्ही दुपारी येतोय, तेव्हा वैजनाथरावांनी भावाकडे वळून सांगितलं, “पाव्हणे येत्यात. तू जरा कापडं बदल. आन् शेणाची पाटीबिटी काय असंल ते मागं टाक. परवाच्या टायमाला तुझ्या म्हशीकडंच बघत बसल्ते ते.”

“बघू द्या की. म्हैस चांगली हाय,” सहादेव म्हणाला आणि उठला.

*

सहादेवाची मुलगी स्नेहल बंगल्याच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. पाहुणे आले की तिला बोलावणं असायचंच. पाहुणे बसले की मागच्या दारानं जा, असंही असायचं.

ती संगमनेरच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर दुधाचे नमुने तपासायचे, फॅट मोजायचं, पाणी किती घातलंय ते काढायचं. ‘बारावीला ब्याण्णव टक्के पडले आन् आता दूध ढवळती’ हे वैजनाथरावांनी तिच्या नोकरीचं केलेलं वर्णन. माणसं कशी शपथा घेतात, कपाळाला हात लावून कशी सांगतात, हे तिनं खूप पाहिलं होतं. आकड्यापुढं शपथ टिकत नाही, हेही पाहिलं होतं.

तेरा तास हा आकडा तिला सकाळपासून टोचत होता. शेवटी कांदा बाजूला सारून तिनं मोबाईल घेतला. मुंबई ते व्हँकुव्हर, सरळ रेष धरली तरी बारा हजार किलोमीटरच्या वर. मुंबईहून थेट विमान दिसेना. कुठंतरी उतरून दुसरं धरायचं, म्हणजे चोवीस तास, काहींना तीस. एखादं विमान कुठंही न टेकता सरळ आलं असतं, तरी हवेतच साडेतेरा तास गेले असते. मुंबईहून संगमनेरचा रस्ता वेगळा, आणि दोन्ही टोकांच्या रांगा वेगळ्या.

तिनं पुन्हा एकदा बघितलं. मग तिला एकदम बरं वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला स्वतःलाच जरा लाज वाटली.

“काय बघतीस गं एवढं?” मागून भीमाबाई, समर्थची आई, म्हणाली.

“मोठी आई, समर्थदादा कुठून आला?”

भीमाबाईच्या हातातलं पातेलं ओट्यावर टेकलं. तिनं बाहेर डोकावून पाहिलं आणि दार लोटून घेतलं. ती कधी स्नेहलशी दार लावून बोलली नव्हती.

“हळू बोल,” ती म्हणाली. “पुण्यात हाय त्यो. जूनपास्नं.”

“जून?”

“तिकडं जमलं न्हाई त्याला. अभ्यास झेपला न्हाई, मग काम मिळंना. आला परत. पुण्यात रातच्या पाळीला हाय, फोनवर बोलायचं काम. तिकडच्याच लोकांशी बोलतो म्हनं.” भीमाबाईनं पदरानं ओठ टिपले. “मला दसऱ्याला सांगितलं त्यानं. आप्पांला ठाऊक न्हाई.”

“आणि पूजाला?”

“लगीन झालं की सांगंल त्यो. समदं सरळ हुतं लगीन झाल्यावर.”

“तिचं सरळ होईल का, मोठी आई?”

“तू नगं शिकवूस मला!” भीमाबाईचा जुना आवाज एकदम परत आला. मग तिला आपण कुणाला विनवतोय ते आठवलं असावं, कारण तिनं स्नेहलचा हात धरला. “बाळा, शुक्रवारपर्यंत गप ऱ्हा. तुझ्या बापाला बी सांगू नगंस. एवढं कर माझ्यासाठी.”

‘बाळा’ हा शब्द स्नेहलनं या घरात पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. तो इतक्या उशिरा आणि इतक्या कामापुरता आला, की तिला हसूच आलं.

“मी होऊन कुणाला सांगणार नाही,” ती म्हणाली. “पण मला कुणी विचारलं, तर खोटंही बोलणार नाही.”

“तुला कोन विचारतंय?” भीमाबाई म्हणाली, आणि सुटल्यासारखी पुन्हा पातेल्याकडे वळली. तेवढं मात्र खरं होतं. त्या घरात स्नेहलला कुणी काही विचारत नसे.

*

दहातोंडे बापलेक साडेबाराला आले. राधाकृष्ण दहातोंड्यांचं नेवाशात पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. माणूस कमी बोलणारा. आक्काबाईची चौकशी करून ते बैठकीच्या खोलीत येऊन बसले. पूजा वडिलांच्या शेजारी बसली.

समर्थला तिनं आज पहिल्यांदा समोर पाहिलं. तीन महिने रोज फोनवर बोलणं व्हायचं, कधी व्हिडिओवर. पाठीमागं बंद पडदा, टेबलावर दिवा, अंगात जाड स्वेटर. आज तो पांढऱ्या शर्टात समोर होता आणि फोनमधल्यापेक्षा बारीक दिसत होता. तिला तो आवडला. आजीसाठी असा धावत आलेला माणूस कुणालाही आवडला असता.

“काल सायंकाळी सहा वाजता आमच्या मातोश्रींना भोवळ आली,” वैजनाथरावांनी पाहुण्यांसाठी ठेवणीतली भाषा काढली. “आणि आज प्रातःकाळी सात वाजता चिरंजीवांचं आगमन! व्हँकुव्हरहून! तेरा तासांमध्ये!”

“वा,” राधाकृष्ण म्हणाले.

पूजाही ‘वा’ म्हणणार होती. पण तिचं काम डाळिंबांचं होतं. ज्या पॅकहाऊसमध्ये ती होती तिथून डाळिंबाच्या पेट्या विमानानं युरोपात जायच्या आणि त्यांचे कागद तिच्या हातून व्हायचे. गाडी निघाली कधी, मुंबईला तपासणी कधी, विमान कधी, पलीकडे माल शीतगृहात कधी. पाच तास इकडचे तिकडे झाले तर पलीकडचा माणूस तिला झोपेतून उठवून बोलायचा. तेरा हा आकडा तिच्या डोक्यात कुठेच बसेना.

“कुठल्या मार्गानं आलात?” तिनं समर्थला विचारलं. खरंच जाणून घ्यायला.

“फ्रँकफर्ट,” समर्थ म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

“फ्रँकफर्टला आमचा माल जातो. मुंबईहून उडाल्यावर नऊ तास धरतो आम्ही. येताना आठ धरू. मग व्हँकुव्हर ते फ्रँकफर्ट किती?”

समर्थनं बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

“दहा असेल,” पूजा म्हणाली. “आठ आणि दहा अठरा झाले. मध्ये विमान बदलायला लागले असतीलच ना दोनतीन?”

“आता विमानं लई फास्ट झाली,” वैजनाथराव हसत म्हणाले. ठेवणीतली भाषा एका वाक्यात संपली होती.

“डाळिंबांना अजून कळलेलं नाही ते,” पूजा म्हणाली.

“पूजा, असू दे,” राधाकृष्ण म्हणाले.

“बाबा, मी फक्त तास विचारतेय.”

मुलीनं पाहुण्यांच्या घरात असं आकडे मांडत बसावं, हे वैजनाथरावांना रुचलं नाही. त्यांना वाटलं, डाळिंबाच्या पेट्या भरणारी पोरगी, हिला काय कळतंय! हिला एकदा दाखवूनच द्यावं. स्वयंपाकघराच्या दारात स्नेहल पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

“स्नेहल, त्या मोबाईलवर बघ गं जरा. मुंबई ते व्हँकुव्हर. दाखव यांना.”

दाराआडून भीमाबाईनं पुतणीचा पदर धरावा तशी ओढणी धरली. स्नेहलनं ती सोडवून घेतली नाही, पण समोरची नजरही काढली नाही.

“मी सकाळीच बघितलंय, आप्पा.”

“मग सांग की! तोंडात काय मूग धरलंस?”

“बारा हजार किलोमीटरच्या वर आहे. मुंबईहून सरळ विमान नाही. सगळं नीट जुळलं तरी चोवीस तास लागतात.”

वैजनाथरावांनी हात झटकला. “तुला काय बघता येतंय! दूध ढवळ जा. समर्थ, तू सांग यांना.”

सगळे समर्थकडे वळले. त्यानं कप खाली ठेवला.

“मी पुण्याहून आलो,” तो म्हणाला. “तीनला शिफ्ट सुटली. ड्युटीवर मोबाईल लॉकरमध्ये ठेवायला लागतो. बाहेर आल्यावर आईचा मेसेज बघितला. नाशिक फाट्यावर बस मिळाली.”

“म्हंजे पुण्यात उतरला,” वैजनाथराव पाहुण्यांना समजावू लागले, “विमान पुण्याला—”

“आप्पा, मी जूनपासून पुण्यात आहे.”

राधाकृष्ण दहातोंड्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. एवढंच. पण निघायची वेळ झाली हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

पूजा उठली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी आठवून आठवून जुळवत असावी तशी ती बघत होती.

“तुम्ही मला रोज तिकडचा पाऊस सांगायचात,” ती म्हणाली. “आज सकाळपासून भुरभुर आहे, आज धुकं आहे, आज बर्फ पडेलसं वाटतंय. मी कामावरून निघताना मोबाईलवर व्हँकुव्हरचं हवामान बघून ठेवायचे, तुमच्याशी बोलायला काहीतरी असावं म्हणून. तुम्ही कुठं बघायचात?”

समर्थचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला.

“तिथंच ना?” ती म्हणाली. “म्हणजे तीन महिने आपण दोघं एकच ॲप वाचून एकमेकांना सांगत होतो.”

“मी सांगणार होतो,” समर्थ म्हणाला.

“कधी? विमानाचं तिकीट माझ्या हातात दिल्यावर?” ती उठली. “पुण्यात नोकरी करतो म्हणाला असतात तर मी हो म्हटलं असतं. मला कॅनडाचं काही नव्हतं, आमचे बाबा उलट नको म्हणत होते, लांब पडतं म्हणून. आता पुणंसुद्धा नको.”

*

“समर्थ!” आतल्या खोलीतून आक्काबाईची हाक आली. दार उघडंच होतं. तिनं शब्दन् शब्द ऐकला होता. “हिकडं ये.”

समर्थ आत गेला. जाण्यापूर्वी आजीचा निरोप घ्यावा म्हणून दहातोंडे बापलेकही मागून आले आणि दारातच अडकले, कारण आक्काबाईनं नातवाला खाटेवर बसवून घेतलं होतं आणि ती त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होती.

“पुन्याहून यायला किती येळ लागतो?” तिनं विचारलं.

“तीन तास.”

“श्रावनात माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं. तवा तू फोनवर काय म्हनलास?”

“तिकडनं येता येत नाही म्हणालो.”

“दिवाळीला?”

“तेच म्हणालो. आक्का, कसा येणार होतो? मी तिकडं होतो ना.”

हे वाक्य त्यानं इतकं साधेपणानं म्हटलं की दारातल्या पूजाला एक क्षण त्याची कीव आली. आक्काबाईला आली नाही.

“लई लांब हाय बाबा तुझं पुनं,” ती म्हणाली. “त्यापरीस त्ये विमानाचं गाव जवळ म्हनायचं. म्या पडले म्हनून आलास. न्हाईतर मेल्यावर आला असतास, आन् तवाबी तुझ्या बापानं तास मोजून दाखवलं असतं.”

तिनं राधाकृष्णांकडे पाहिलं. “पाव्हणं, पोरगी शानी हाय तुमची. घिऊन जावा. हितं ठिवू नका.”

राधाकृष्णांनी तिला वाकून नमस्कार केला. “तब्येतीला जपा,” म्हणाले. पूजानंही पाया पडून घेतलं. बाहेर येऊन ते चपला घालू लागले तेव्हा वैजनाथराव आडवे आले.

“दहातोंडे, पोरगं चुकलं. पण बसून बोलू की. गावाला अजून काय ठाऊक न्हाई. शुक्रवार आपला शुक्रवारीच—”

“वर्पे,” राधाकृष्ण म्हणाले, “मी मोटारी विकतो. गिऱ्हाईक येतं, पाच एचपीची सांगून तीनची दिली म्हणून भांडतं. ते निदान फसवल्याबद्दल भांडतं तरी. तुम्ही अजून गावाला काय वाटेल म्हणताय.” आणि ते गाडीत जाऊन बसले.

गाडी रस्त्याला लागली. वैजनाथराव खोलीत परत आले ते थेट बायकोवर.

“तुला ठाऊक हुतं?”

भीमाबाई भिंतीला टेकून उभी होती. “व्हय.”

“आन् माझ्यापास्नं लपवलंस? अकरा मान्सांला सांगितलं म्या सकाळपास्नं! आख्ख्या गावात नाक कापलं माझं!”

“तुमाला सांगितलं असतं तर काय केलं असतं?” भीमाबाई म्हणाली. आयुष्यभर तिनं नवऱ्याच्या मागं उभं राहून जावेला आणि दिराला हिणवलं होतं. आज तिच्या आवाजात तोच हिणवण्याचा सूर होता, फक्त तोंड दुसरीकडं होतं. “पोराला बघायला गेला असता? का त्याला म्हनला असता, गपचिप परत जा, कुनाला दिसू नगंस? नाक, नाक! पोरगं सुकून चाललंय त्ये दिसत न्हाई, नाक तेवढं दिसतंय.”

“तू आत जा!”

“न्हाई जात.”

वैजनाथराव समर्थकडे वळले. “आन् तू! तुझ्या तोंडानं सांगता येत नव्हतं बापाला?”

समर्थ आतल्या दारात येऊन थांबला होता. “सांगायला फोन केला होता, आप्पा. गणपतीत. आठवतंय? मी म्हणालो, तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही म्हणालात, बोल की, स्पीकरवर टाकलाय, सगळी मंडळी बसल्यात, जरा इंग्लिशमधनं बोलून दाखव.”

“मग?”

“मग बोललो इंग्लिशमधनं.”

वैजनाथरावांना ती संध्याकाळ आठवली. आरती झालेली, ओसरीवर पंधरावीस माणसं. पोरगं काहीतरी फाडफाड बोललं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तो काय बोलला ते कुणालाच कळलं नव्हतं. त्यांनाही नाही.

“काय बोललास तवा?” त्यांनी विचारलं.

“हेच,” समर्थ म्हणाला. “की मी परत आलोय.”

कोपऱ्यात स्नेहल तांब्या घेऊन तशीच उभी होती. सकाळी जे बरं वाटलं होतं ते आता कुठं गेलं ते तिला सापडेना. तिनं तांब्या ठेवला, समर्थजवळ गेली आणि म्हणाली, “दादा, चल, आमच्याकडं जेव. सकाळपासून काही खाल्लं नाहीस.”

तो गेला. पंचवीस वर्षांत बंगल्यातलं कुणी मागच्या खोल्यांत जेवायला गेलं नव्हतं. भीमाबाई त्यांना मागच्या दारातून जाताना बघत राहिली. मग तिनं पाहुण्यांसाठी केलेल्या पुरणपोळ्यांची परात उचलली, आणि नवऱ्याकडे न बघता त्यांच्यामागून चालू लागली.

*

चारपर्यंत गावात कळलं होतं. कसं कळलं ते कळत नाही, पण वैजनाथराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण एरवी हाक मारतो तो आज मोबाईलमध्ये बघत चालला होता. एकानं मात्र मोटरसायकल हळू करून विचारलं, “आप्पा, कार्गो आला का?” आणि उत्तराला थांबला नाही.

मागच्या खोल्यांतून मधूनमधून बोलणं ऐकू येत होतं. एकदा आक्काबाईचाही आवाज आला. तिला कुणीतरी धरून तिकडं नेलं असावं. वैजनाथरावांनी कान दिला. समर्थ काहीतरी सांगत होता, सावकाश, थांबत थांबत. शब्द लागत नव्हते. पोरगं इतका वेळ सलग बोलतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पावणेपाचला सहादेव समोर येऊन उभा राहिला. कपडे सकाळचेच. त्यानं काही बदललेलं नव्हतं.

“हसायला आलास?” वैजनाथराव म्हणाले.

“न्हाई.”

“मग काय पायजे? बोल, तुजी बी पाळी हाय आज. वीस वर्षांचं साठलं असंल.”

सहादेवानं थोडा विचार केल्यासारखं केलं. “मोठं काय न्हाई,” तो म्हणाला. “तुमची गाडी फाटकात आडवी लागलीया. टेम्पो निघना.”

वैजनाथरावांची पांढरी गाडी रोजच फाटकात आडवी असायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. सहादेव रोज मागच्या बांधावरून, चिखल असो वा ढेकळं, वळसा घालून टेम्पो काढायचा. आजवर त्यानं गाडीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

“बांधावरनं जा की. रोज जातोस तसा.”

“आज न्हाई जात. समर्थला सहाची बस धरायचीया. उद्या त्याला ड्युटी हाय.” आणि मग, आवाज न चढवता, “आन् बांधावरनं मी दूध नेतो, आप्पा. मानूस फाटकातनं जातं.”

टेम्पो मागं चालू करून ठेवलेला होता. पुढच्या काचेतून समर्थ दिसत होता, मांडीवर सॅक, नजर समोर. भीमाबाई खिडकीतून त्याच्या हातात डबा देत होती.

वैजनाथरावांना वाटलं, ओरडावं. मग वाटलं, जाऊन पोराला खाली उतरवावं. नक्की काय म्हणून उतरवावं ते मात्र ठरेना. ते उठले, आत जाऊन किल्ली शोधली, पहिल्यांदा भलतीच आणली, परत गेले. गाडीत बसून त्यांनी गाडी मागं घेतली. इतक्या दिवसांत तशी घेतली नव्हती, म्हणून ती वाकडी गेली, आणि एकदा पुढं घेऊन पुन्हा मागं घ्यावी लागली. सहादेव टेम्पोत बसून शांतपणे वाट बघत होता.

फाटक मोकळं झालं. टेम्पो जवळून गेला तेव्हा वैजनाथरावांनी काच खाली केली नाही, आणि समर्थनं मान वळवली नाही. रस्त्यावर वाट देणाऱ्या कुठल्याही गाडीला ड्रायव्हर करतात तसा सहादेवानं खिडकीतून जरासा हात वर केला आणि टेम्पो संगमनेरच्या दिशेला वळवला.